आधी सिंक पाहावं

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो, की घर घेऊन झालेलं असतं, गवत कापायचं यंत्र घेऊन झालेलं असतं, मुलांना कथ्थकपासून कराटेपर्यंत सगळीकडे पोचवून झालेलं असतं आणि तळघराचा एक कोपरा अजून मोकळा असतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं आपल्याकडे म्हणतात. रिकामा इंजिनिअर त्या कोपऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "बिअर घरीच केली तर?"

हा विचार बहुधा जानेवारीत सुचतो. बाहेर बर्फ असतं, क्रिकेट बंद असतं, गणपती लांब असतात आणि नाताळात कुणीतरी दिलेलं गिफ्ट कार्ड पाकिटात तसंच पडून असतं. विचार सुचल्याबरोबर माणूस बिअर करायला लागतो असा कुणाचा समज असेल, तर त्याने मराठी माणूस पाहिलेला नाही. तो आधी अभ्यास करतो. अभ्यासाचा विषय एकच: सुरुवातीचं किट कुठलं घ्यायचं? घर घेताना जितके प्रश्न विचारले नव्हते तितके तो आता एका झाकणाच्या बादलीबद्दल विचारतो. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं किट निवडणं सुरू झालं तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. आता ती कायद्याने बिअर पिण्याच्या वयाची झाली आहे आणि यांची निवड शेवटच्या दोन नावांपर्यंत आली आहे.

असे पुष्कळ अभ्यास जवळून पाहिल्यावर माझं एक मत झालं आहे. सगळे जण खोक्यावरचं चित्र बघून किट निवडतात. चित्रात सोनेरी बिअरचा ग्लास असतो, त्यावर फेस असतो आणि मागे दाढीवाला आनंदी माणूस असतो. खोक्यात मात्र बादली असते, ब्रश असतो, नळी असते आणि धुण्याची पावडर असते. याचं कारण सरळ आहे. बिअर यीस्ट करतं. त्याला भूक असते, समोर साखर असते आणि ते आपलं काम कुणाला न विचारता उरकतं. माणसाच्या वाट्याला उरतं ते भांडी घासणं. म्हणून किट निवडायचं तर ग्लासकडे पाहू नये, आपल्या स्वयंपाकघरातल्या सिंककडे पाहावं.

कायद्याची भीती आता उरलेली नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात वाण्याच्या दुकानात माल्टच्या सिरपचे डबे उघडपणे मिळत, पाव आणि बिस्किटं करण्यासाठी म्हणून. काही डब्यांत हॉप्सचा कडवटपणाही घातलेला असे. कडू बिस्किटं आवडीने खाणारी इतकी माणसं देशात अचानक कुठून आली, हे कुणी कुणाला विचारायचं नाही, असा समंजस करार सगळ्यांनी पाळला. बंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली आणि बिअर मागे राहिली. तिची सुटका १४ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने झाली. कार्टर स्वतः चर्चच्या शिस्तीत वाढलेले गृहस्थ. त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने मात्र आदल्याच वर्षी 'बिली बिअर' बाजारात आली होती. घरोघरी एक भाऊ असा असतोच. सगळ्या राज्यांनी हा कायदा मनावर घ्यायला मात्र वेळ लावला. अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ मध्ये शेवटी आले.

या कायद्याप्रमाणे घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन बिअर करता येते, दोन किंवा अधिक असतील तर २००. लग्नाचा फायदा सरकारने इतक्या मोजक्या आकड्यात दुसरीकडे कुठे सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर, म्हणजे नेहमीच्या मापाच्या एकवीसशेच्या वर बाटल्या, म्हणजे रोजच्या जवळजवळ सहा, तेही एकादशी न पाळता. विकायची मात्र नाही. सरकारला हे आकडे बसवताना एका साध्या गोष्टीचा विसर पडला असावा: एकवीसशे बाटल्या प्यायला माणसं मिळतील, धुवायला कोण मिळणार?

महाराष्ट्रात हा प्रश्नच येत नाही. तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायलाच परवाना लागतो. परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे पुण्याहून आलेला मेहुणा तळघरातलं किट डोळे भरून बघतो, "आपल्याकडे असं नाही" म्हणून हळहळतो आणि बॅगेत मावेल का, असा अंदाजही घेतो. त्याला मी दरवेळी सांगतो, की २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून पुण्यात ताजी बिअर मिळते आहे. दुसऱ्याने घासलेल्या पिंपातली बिअर प्यायला मिळणं ही केवढी चैन आहे, हे आम्हाला विचार.

आता खोकं उघडू. नवशिक्यासाठी बाजारात मुख्यतः तीन तऱ्हेची किटं असतात.

पहिलं म्हणजे दोनेक गॅलनचं प्लास्टिकचं छोटं पिंप. मिस्टर बिअर या नावाचं किट या जातीतलं सगळ्यांत प्रसिद्ध. यात हॉप्स आधीच घातलेल्या माल्टच्या दाट पाकाचा डबा येतो. गरम पाण्यात पाक ढवळायचा, गार पाणी घालायचं, वर यीस्टची पुडी भुरभुरवायची आणि झाकण लावायचं. पोहे करायला याहून जास्त अक्कल लागते. म्हणूनच अनुभवी लोक या किटाकडे बघून नाक मुरडतात. हे किट सहसा कुणी स्वतःहून विकत घेत नाही. ते फादर्स डेला मिळतं आणि पुढच्या फादर्स डेपर्यंत कपाटावर असतं. पण खरं सांगायचं तर यात घासायला सगळ्यांत कमी भांडी पडतात, त्यामुळे माझ्याकडून त्याला उत्तम गुण आहेत.

दुसरं एका गॅलनचं. काचेचा एक छोटा जग, रबरी बूच, वर एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी. २००९ च्या सुमारास ब्रुकलिनच्या एका जोडप्याने अशी किटं विकायला सुरुवात केली आणि छोट्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांची सोय झाली. यात बहुतेक वेळा भरडलेलं सातूचं माल्ट येतं. ते गरम पाण्यात तासभर ठेवायचं, चाळणीतून गाळायचं, तो गोड काढा हॉप्स घालून आणखी एक तास उकळायचा. अर्धा दिवस खपल्यावर पदरात पडतात नऊ-दहा बाटल्या. दुकानात जाऊन यायला वीस मिनिटं लागतात, असं घरातलं कुणीतरी या वेळी म्हणतं. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

तिसरं पाच गॅलनचं, आणि बहुतेक सगळे शेवटी इथेच येतात. साडेसहा गॅलनची पांढरी बादली, झाकणाला भोक, भोकात एअरलॉक. बाटल्या भरण्यासाठी खाली तोटी असलेली दुसरी बादली. सायफन, नळी, हायड्रोमीटर, बुचं दाबून बसवायचं दोन दांड्यांचं यंत्र आणि ब्रश. माल्टचा पाक तयारच असतो, त्यामुळे सातू गाळण्याचा उपद्व्याप वाचतो. एका घाण्यात अठ्ठेचाळीस-पन्नास बाटल्या निघतात.

या तिघांच्या पलीकडे एक चौथी जात आहे: विजेवर चालणारी स्टीलची उंच टाकी, आत पंप, बाहेर काचेचा पडदा. हिला मोबाईलवरून आधण ठेवता येतं. नवशिक्याने हिच्याकडे बघू नये असं सगळी पुस्तकं सांगतात, आणि म्हणूनच आमचे इंजिनिअर सगळ्यांत आधी हिच्याकडे बघतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की मोबाईलवरून आधण ठेवता येतं. मोबाईलवरून पंप घासता येत नाही.

पाच गॅलन ठरलं की पुढचा वाद सुरू होतो: प्लास्टिकची बादली, की काचेचा मोठा बुधला, म्हणजे कार्बॉय? कार्बॉयवाले म्हणतात, काचेतून सगळं दिसतं. फेस चढताना दिसतो, यीस्ट खालीवर होताना दिसतं, तळाशी गाळ बसताना दिसतो. खरं आहे. बादलीवाले म्हणतात, बादली पडली तर आवाज होतो, काच पडली तर अॅम्ब्युलन्स येते. हेही खरं आहे. भरलेला कार्बॉय पंचवीस किलोच्या घरात जातो, त्याला धरायला कान नसतात आणि तो उचलायची वेळ येते तेव्हा हात हमखास ओले असतात. पण मुद्द्याचं दोघंही बोलत नाहीत. कार्बॉयचं तोंड इतकं अरुंद, की त्यात हात जात नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत फेस वर चढतो, ओसरतो आणि मागे तपकिरी कंगोरा चिकटवून ठेवतो. तो सोडवायला वाकडा ब्रश, भिजत घालायची पावडर आणि एक अख्खा शनिवार लागतो. बादलीत हात कोपरापर्यंत जातो. फक्त तारेची घासणी लावायची नाही. प्लास्टिकवर ओरखडे उठतात आणि त्यांत जिवाणू बिऱ्हाड करतात. घासण्यांच्या जाती असतात, हे पुष्कळ पुरुषांना या निमित्ताने आयुष्यात पहिल्यांदा कळतं.

खोक्यात काय असतं याची एवढी चर्चा होते, पण नवा माणूस फसतो तो खोक्यात काय नसतं यावर.

पातेलं बहुधा नसतं. निदान चार गॅलनचं पातेलं लागतं आणि एवढं पातेलं मराठी घरात असतंच, कारण मंडळाच्या संक्रांतीला मसालेभात त्यातच होतो. ते गुपचूप खाली नेलं जातं. मसालेभाताच्या तेलाचा अंश भांड्याला राहिला तर बिअरवर फेस टिकत नाही, हे नंतर कळतं. हळदीचं काय होतं ते सांगायला नकोच. शिवाय माल्टचा पाक पहिली उकळी फुटताना एकदम फसफसून वर येतो आणि नेमका त्याच क्षणी माणूस फोन बघत असतो. शेगडीवर सांडलेला पाक करपून बसला की तो खरवडण्याचं काम किटच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. ते घरातून सांगितलं जातं.

बर्फ नसतो. तासभर उकळलेला काढा, त्याला वर्ट म्हणतात, यीस्ट घालण्याआधी वीस अंशांच्या आसपास आणावा लागतो आणि तोही लवकर. त्यासाठी नवशिका सिंक बर्फाने भरतो आणि पातेलं त्यात बसवतो. म्हणजे सिंक गेलं. त्या रात्रीची जेवणाची भांडी कुठे ठेवायची, यावर जी चर्चा होते तिचं तापमान वर्टपेक्षा जास्त असतं.

बाटल्याही पुष्कळ किटांत नसतात. रिकाम्या बाटल्या विकत मिळतात, पण रिकाम्या बाटलीला पैसे मोजणं आपल्या रक्तात नाही. म्हणून बाटल्या साठवायच्या ठरतात. फिरवून उघडायच्या बुचाच्या चालत नाहीत, त्यांच्यावर नवं बूच नीट बसत नाही. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या नकोत, उजेडाने हॉप्स बिघडतात आणि बिअरला वास येतो. तेव्हा तपकिरी, ओपनरने उघडणाऱ्या अठ्ठेचाळीस बाटल्या हव्यात. त्या रिकाम्या करायच्या तर आधी भरलेल्या आणाव्या लागतात. अशा रीतीने स्वतःची पहिली बिअर करण्यासाठी माणूस दुसऱ्यांच्या अठ्ठेचाळीस बिअर मोठ्या निष्ठेने पितो. मग लेबलं सुटण्यासाठी सगळ्या बाटल्या बाथटबमध्ये भिजत पडतात आणि घरातली माणसं दोन दिवस आंघोळ कुठे करायची ते विचारत फिरतात.

आणि या सगळ्यावर सोवळं. दुसरा शब्द नाही. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हा घरगुती बिअरचा पहिला पाठ. वर्ट उकळून थंड झाला की त्याला जे जे लागेल ते ते आधी सॅनिटायझरमध्ये बुडालेलं हवं: बादली, झाकण, नळी, चमचा, यीस्टच्या पुडीची कात्री, आणि स्वतःचे हात. स्टार सॅन नावाचं एक आम्लयुक्त द्रावण असतं. त्याचा भरमसाठ फेस होतो आणि तो धुवायचा नसतो. फेस तसाच राहू द्यायचा, हे मराठी मनाला पटायला फार जड जातं.

एका मित्राकडे हा विधी चालू होता तेव्हा त्याच्या आई साताऱ्याहून आलेल्या होत्या. चिरंजीव फेसाळ हात वर धरून मध्यभागी उभे, आणि सगळ्यांना ओरडून सांगत होते, "कुणी शिवू नका! आई, तू त्या बाजूनेच जा. त्या टेबलाला पदर लागेल!"

आई दारात थांबल्या. मुंजीत सोवळं नेसवताना ज्याने घर डोक्यावर घेतलं होतं, ज्याने आजीच्या देवघराच्या उंबऱ्यावर बुटासकट पाय ठेवला होता, त्याच्या तोंडून त्या हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आता खाली काही ठेवलंस?"

"चमचा ठेवला."

"कशावर?"

"ओट्यावर."

"ओटा पुसला होता?"

चिरंजीव गप्प. "मग तो विटाळला," आई म्हणाल्या, "दुसरा घे. आणि लोणच्याच्या बरणीला देतो तशी त्या बादलीला हिंगाची धुरी दिलीस का?"

हिंगाचं काही त्याने ऐकलं नाही, पण चमचा दुसरा घेतला. पुढचा सगळा घाणा त्या माउलीने खुर्चीत बसून करवून घेतला. मुलगा काय बनवतो आहे याचा त्यांना राग होता. पण बनवतो आहेच तर अस्वच्छ बनवू नये, हे तत्त्व त्या रागाच्या वरचं होतं. माहितीपत्रकाची सहा पानं ज्या गोष्टीवर खर्च होतात ती त्यांनी चार वाक्यांत करून घेतली. त्या बिअरमध्ये एकही दोष निघाला नाही. आईंनी ती घेतली नाही हे सांगायला नको, पण परतताना विमानतळावर बजावलं, "पुढच्या वेळी नळीच्या आतून पाणी सोड. आत राहतं."

बादलीचं झाकण एकदा लागलं की माणसाचं काम संपतं आणि त्याची खरी परीक्षा सुरू होते. दोन आठवडे काहीही करायचं नसतं. एअरलॉकमधून कर्बवायूचे बुडबुडे येतात, सुरुवातीला सेकंदासेकंदाला, मग हळूहळू. पाहुण्यांना तळघरात नेऊन हे बुडबुडे दाखवले जातात. पाहुणे दोन बुडबुडे बघतात, तिसऱ्याची वाट बघतात आणि वर जेवायला काय आहे ते विचारतात. इंजिनिअरला मात्र धीर नसतो. त्याच्या हातात हायड्रोमीटर असतो, द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी. किटातली सगळ्यांत आवडती आणि सगळ्यांत आधी फुटणारी वस्तू हीच. सुरुवातीला १.०५० दाखवते, साखर संपत गेली की १.०१० पर्यंत उतरते. दोन्हीतला फरक १३१.२५ ने गुणला की मद्याचं प्रमाण निघतं, इथे सव्वापाच टक्के. सूत्र हाती आल्यावर माणूस रोज झाकण उघडून मोजतो. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. मोजमाप मात्र अचूक असतं.

चार्ली पपेझियन हे या छंदाचे अमेरिकेतले आद्य गुरू. शिक्षण न्यूक्लिअर इंजिनिअरिंगचं. १९७८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये त्यांनी घरगुती बिअर करणाऱ्यांची देशव्यापी संघटना उभी केली आणि १९८४ मध्ये या विषयावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. अणुशक्ती शिकलेला मुलगा लोकांना बिअर करायला शिकवतो, हे आपल्याकडे स्थळ सांगताना लपवावं लागलं असतं. त्यांच्या सगळ्या उपदेशाचं सार असं, की जिवाला घोर लावून घेऊ नका. हा उपदेश मराठी माणूस आदराने वाचतो, त्याखाली रेघ मारतो आणि रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बुडबुडे बघायला खाली जातो.

दोन आठवड्यांनी बाटल्या भरायच्या. पाच गॅलनला साधारण १४० ग्रॅम साखर, तीही पाण्यात उकळून. बाटलीतलं उरलेलं यीस्ट ती खातं आणि बिअरला बुडबुडे येतात. "थोडी जास्त घातली तर?" हा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो, कारण पाहुण्यांच्या चहात हात आखडता घ्यायची आपली पद्धत नाही. इथे हात सैल सोडला की बाटल्या फुटतात, आणि एक फुटली की शेजारची तिची वाट बघत नाही. मग तळघरातली काच वेचणं, भिंत पुसणं, गालिचा धुणं. घासण्याच्या यादीत भिंतही येते ती अशी.

हिशेबाशिवाय मराठी छंद पुरा होत नाही. घरात मंजुरी मिळवताना "स्वस्त पडते" हेच कारण दिलेलं असतं. समजा किट दीडशे डॉलरचं आणि पहिल्या घाण्याचं सामान चाळीसचं. अठ्ठेचाळीस बाटल्यांनी भागलं तर बाटली जवळजवळ चार डॉलरला पडते. दुकानात यापेक्षा स्वस्त मिळते, हे लक्षात आणून दिलं जातं. "पण दुसऱ्या घाण्याला किटचा खर्च नाही, तेव्हा ऐंशी-नव्वद सेंट!" असं उत्तर येतं, आणि गणित म्हणून ते बरोबर आहे. फक्त दुसऱ्या घाण्याआधी मोठं पातेलं येतं, तिसऱ्याआधी वर्ट थंड करायची तांब्याची गुंडाळी येते, चौथ्याआधी जुना फ्रीज येतो आणि त्याला तापमान सांभाळणारं यंत्र. भाव चार डॉलरच्या खाली उतरायला धजत नाही. घासण्याचे तास हिशेबात धरलेलेच नसतात, कारण ते धरले तर कुणीच बिअर करणार नाही.

एवढं करून बाटली उघडते आणि बिअर चक्क चांगली निघते. हे लिहायलाच हवं, कारण ते खरं आहे: स्वच्छ भांडी, बेताचं तापमान आणि थोडा धीर एवढ्यावर नवशिक्याची पहिली बिअरही छान होते. बिघडलीच तर कशाने बिघडली ते सांगणारी एक शास्त्रशुद्ध भाषा जाणकारांकडे आहे. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे घाई झाली, लोण्याचा वास म्हणजे यीस्टला काम पुरं करू दिलं नाही, औषधाचा वास म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. आमच्या मराठी पाहुण्यांकडे या सगळ्यासाठी एकच शेरा आहे. ते एक घोट घेतात, ग्लास उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "वेगळी आहे." बिअर उत्तम झाली तरी वेगळी आहे, बिघडली तरी वेगळी आहे. पुढचा ग्लास मागतात की नाही, यावरून करणाऱ्याने काय ते ओळखायचं.

तरी अजून कुणाला वाटत असेल की किटच्या निवडीत फार मोठं रहस्य आहे, तर त्याने व्हाइट हाउसचं उदाहरण घ्यावं. २०११ मध्ये बराक ओबामा यांनी स्वतःच्या पैशाने बिअरचं किट विकत घेतलं. तिथल्या आचाऱ्यांनी आवारातल्या पोळ्यांचा मध घालून बिअर केली आणि २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तिच्या कृती लोकांसाठी जाहीर झाल्या. जगातल्या सगळ्यांत शक्तिमान माणसानेही सुरुवात किटनेच केली, असं आमचे मित्र अभिमानाने सांगतात. वाक्यातला कर्ता ते नीट बघत नाहीत. किट राष्ट्राध्यक्षांनी घेतलं; बिअर आचाऱ्यांनी केली. ज्याच्या सिंकपाशी सरकारी माणसं उभी आहेत, त्याने कुठलंही किट घ्यावं.

आपल्याला मात्र मोजपट्टी घेऊन सुरुवात करावी लागते. आधी सिंकची लांबी-रुंदी मोजा, नळ किती उंच आहे ते बघा. पुष्कळ अमेरिकन तळघरांत कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी एक खोल प्लास्टिकची टाकी असते. ती असेल तर डोळे मिटून पाच गॅलनचं किट घ्या, साध्या पांढऱ्या बादलीचं, तोटीच्या दुसऱ्या बादलीसकट. टाकी नसेल आणि वरच्या सिंकमध्ये कुकर आडवा ठेवावा लागत असेल, तर एका गॅलनचं घ्या. दहा बाटल्या धुऊन होतात आणि संसारही टिकतो. दोन्ही पर्यायांत एक जादा ब्रश मागवा. किटातला एकुलता एक ब्रश पहिल्याच आठवड्यात घरातलं कुणीतरी थर्मास धुवायला नेतं. काचेचा कार्बॉय, स्टीलची टाकी, ब्लूटूथ हे सगळं पुढच्या जानेवारीसाठी ठेवा, तेवढा अभ्यास शिल्लक हवाच. ज्या घरातल्या सिंकमध्ये बादली मावते, त्या घरात बिअर होते. जिथे मावत नाही तिथे बिअरवर नुसती चर्चा होते. आणि चर्चेला किट लागत नाही, दुकानातली बिअर पुरते.